दुसरी किल्ली

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. ती तिजोरी रोज सकाळी उघडताना पाहिलेली माणसं मात्र थोडी. एक किल्ली हेडकॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याच्या खिशात. दोघांनी एकाच वेळी हजर राहायचं, आपापली किल्ली आपापल्या हातानं फिरवायची, मग दार उघडायचं. संध्याकाळी बंद करताना पुन्हा तेच. बँकेच्या भाषेत याला ‘जॉइंट कस्टडी’ म्हणतात. नव्यानं नोकरीला लागलेल्या पोराला हा सगळा संशयाचा कारभार वाटतो. मलाही वाटे. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका आडगावच्या शाखेत असताना, आठवडी बाजाराच्या दिवशी काउंटरवर झुंबड उडाली की मी दोनतीनदा माझी किल्ली सरळ कॅशियरच्या हातात ठेवली होती. ‘तुम्हीच उघडा, मी इकडचं बघतो.’ कॅशियर देवमाणूस. एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही. आणि काही झालं नाही म्हणूनच ती सवय लागत गेली.

निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी हे आठवायचं कारण बँकेचं नाही. कारण आहे एक लोखंडी हुक. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि १९८९ च्या उन्हाळ्यापासून मी जाईन तिथं माझ्याबरोबर फिरतो आहे.

त्या काळी एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली कर्जं वाटली जात. आदिवासी लाभार्थ्याला निम्मं अनुदान, निम्मं कर्ज. बैलजोडी, शेळ्या, शिलाई यंत्र, किराणा दुकान अशी ठरलेली यादी असे. एका गोंड तरुणाला मी बैलजोडीसाठी कर्ज मंजूर केलं होतं. दोन हप्ते वेळेवर आले, तिसरा थकला. मे महिन्यात शिपायाला बरोबर घेऊन मी त्याच्या गावी वसुलीला गेलो, तेव्हा कळलं की आठ दिवसांपूर्वी मोहोळ काढताना तो झाडावरून पडला आणि जागीच गेला.

म्हातारा बाप अंगणात बसला होता. अर्धं मराठीत, अर्धं गोंडीत बोलायचा. गोंडी शिपाई मला उलगडून सांगायचा. त्यानं आम्हाला नाल्याकाठचं झाड दाखवलं. प्रचंड अर्जुनवृक्ष. पांढुरकं, गुळगुळीत खोड, पहिली फांदीच दोन माणसं एकावर एक उभी केली तरी हाताला लागणार नाही इतकी उंच. शेंड्याकडच्या फांद्यांना आग्या मोहोळाची पोळी लोंबत होती. गावातले बाकीचे लोक अशा झाडावर बांबूच्या एकदांडी शिडीनं आणि हातापायांच्या भरवशावर चढत. हा पोरगा हिकमती होता. त्यानं बाजारातून नायलॉनचा दोर आणला, त्याच्या टोकाला लोखंडी कडी बांधली आणि दोर फांदीवरून घेतला. कमरेभोवती दुसरा दोर गुंडाळून त्याला एक स्प्रिंगचा हुक लावला. आमच्या कर्जातून आलेल्या बैलांच्या साखळीचाच तो हुक. वर पोचला की हुक कडीत अडकवायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे.

तो पडला तेव्हा दोर तुटला नव्हता. कडी फांदीखाली लोंबतच होती. हुक त्याच्या कमरेलाच होता; वाकला नव्हता, मोडला नव्हता. आणि त्याचं तोंड बंद होतं. मग माणूस सुटला कसा? गावानं उत्तर शोधलं होतं. म्हातारा म्हणाला, ‘मानूस झाडावरून पडत नाई जी साहेब. झाड त्याले सोडते.’

निघताना तो आत गेला आणि तो हुक घेऊन आला. ‘हे बँकेचं हाये. बैलासंगं आलं होतं.’ तो परत कसा करावा हे मला सुचलं नाही. शाखेत येऊन मी फायलीत लिहिलं, ‘कर्जदार झाडावरून पडून मयत.’ माझी सही, तारीख. काम संपलं.

मोहोळासाठी माणूस इतका वर का जातो, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. पेटीत पाळतात त्या सातेरी माशा वेगळ्या. आग्या माशी पेटीत राहत नाही. ती उंच झाडाच्या फांदीखाली किंवा कड्याच्या कपारीत उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते. हातभर, कधी त्याहून मोठं. वर माशांचा काळसर पडदा. फांदीलगतच्या जाड भागात मध, खाली पिल्लं. तिच्या चिडीमुळे हे काम रात्री चालतं, बहुतेक अंधाऱ्या पक्षात, पाऊस लागायच्या आधी. जुनी रीत म्हणजे पेटता पलिता लावायचा, माशा जाळायच्या किंवा उधळायच्या आणि सगळं पोळं कापून पिल्लांसकट पिळायचं. यात माशी मरते आणि पुष्कळदा माणूसही.

याच धानोरा तालुक्यात कठाणी नदीकाठी मेंढा नावाचं गाव आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ते महाराष्ट्राला ठाऊक झालं. मिलिंद बोकील यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तकही त्यावर लिहिलं. तिथल्या अभ्यासगटानं मधाचा विषय हाती घेतला. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रात काम केलेल्या डॉ. गोपाळ पालीवाल यांनी आग्या मोहोळाचा मध माशा न मारता काढण्याची पद्धत बसवली आणि आदिवासी तरुणांना शिकवली. अंगभर जाळीचा पोशाख घालायचा, पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायचा, पिल्लांचा भाग फांदीवर तसाच ठेवायचा. माशा पुन्हा तिथंच पोळं भरतात. याला अहिंसक मधसंकलन म्हणतात.

पण माझ्या मनात एक प्रश्न राहिला. माशी वाचली, माणसाचं काय? पोशाखानं डंख अडतो, पडणं अडत नाही. उलट या पद्धतीत माणूस पोळ्याजवळ अधिक वेळ, अधिक निगुतीनं काम करतो. दोन्ही हात गुंतलेले, तोंडावर जाळी, खाली अंधार. अशा वेळी त्याचा सगळा जीव कमरेजवळच्या एका धातूच्या तुकड्यावर टांगलेला असतो.

त्या तुकड्याची मला नीट ओळख करून दिली ती माझ्या भाच्यानं. तो पुण्याचा, सह्याद्रीतले सुळके चढण्याचा त्याला नाद. एका कादंबरीत मला झाडावर चढणारा माणूस आणायचा होता, म्हणून मी त्याला घरी बोलावलं आणि खणातला हुक पुढं ठेवला. सगळी हकिकत ऐकून तो काही बोलला नाही. घरातली एक लोखंडी कडी मागून घेतली, हुक तिच्यात अडकवला आणि ओढून दाखवला. घट्ट. मग म्हणाला, ‘मामा, आता दोर जरा सैल पडला आणि माणूस वळला असं समजा.’ त्यानं मनगटाला पीळ दिला. कडी हुकाच्या नाकावरून फिरून बाहेरच्या बाजूनं त्याच्या जिभेवर येऊन बसली. पुन्हा ओढ बसताच कडीनंच जीभ आत दाबली आणि ती अलगद बाहेर निसटली. खट् करून जीभ पुन्हा बंद झाली. हुक शाबूत, तोंड बंद, कडी मोकळी.

तीस वर्षांचं कोडं अर्ध्या मिनिटात सुटलं. वर त्या रात्री काय झालं असेल ते मला दिसलं. डंख बसला असेल, पोरगा झटक्यानं वळला असेल, फांदीला टेकल्यानं दोर सैल पडला असेल, आणि परत भार टाकला तेव्हा पाठीशी काहीच नव्हतं. झाडानं त्याला सोडलं नव्हतं. ज्या हुकाचं तोंड एका दाबानं उघडतं, त्याला तो दाब बोटानं दिला की कडीनं, हे कळत नाही. एवढाच त्याचा दोष.

हा प्रकार जगभरच्या बांधकामांवर आणि मनोऱ्यांवर इतक्या वेळा घडला, की अमेरिकेनं बांधकामावर पडण्यापासून बचावासाठी असे कुलूप नसलेले हुक वापरायला १ जानेवारी १९९८ पासून बंदी घातली. पडणाऱ्या माणसाला झेलण्यासाठी नुसता कमरपट्टाही त्याच दिवसापासून बाद झाला. कारण कमरेत बसलेला झटका पोटातल्या अवयवांना आणि मणक्याला सोसत नाही. त्या जागी मांड्या, कंबर आणि खांदे धरणारा हार्नेस आला.

गिर्यारोहक हुकाऐवजी जी कडी वापरतात तिला कॅरॅबिनर म्हणतात. शब्द जर्मन. घोडेस्वार आपली आखूड बंदूक, म्हणजे कार्बाइन, ज्या आकड्याला अडकवत तो हा आकडा. म्युनिचचा ओटो हेर्झोग या गिर्यारोहकानं १९१० च्या सुमारास तिथल्या अग्निशामक दलाच्या जवानांकडे अशा कड्या पाहिल्या आणि त्या कड्यावर नेल्या. आज ती बहुधा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते. एका बाजूला स्प्रिंगचं दार आणि जीव टांगायच्या कडीला त्या दारावर कुलूप.

हे कुलूप तीन तऱ्हेचं. पहिलं पेचाचं, दारावरची नळी हातानं फिरवून बंद करायची. स्वस्त आणि टिकाऊ; पण फिरवायचं विसरलं की ती साधी कडीच. शिवाय हलत्या दोराच्या घासण्यानं आणि हिसक्यांनी पेच हळूहळू उलटाही फिरतो. दुसरं आपोआप लागणारं. दार सोडलं की नळी स्वतः फिरून बसते. उघडायला आधी पीळ द्यायचा, मग दार आत ढकलायचं. तिसऱ्यात त्याआधी नळी वर उचलावीही लागते. झाडांवर काम करणाऱ्यांसाठी अमेरिकेत जो मानक आहे त्याचं म्हणणं साधं आहे. कडी आपोआप मिटली पाहिजे, आपोआप कुलूपबंद झाली पाहिजे, आणि उघडायला जाणूनबुजून केलेल्या निदान दोन वेगळ्या क्रिया, एकीमागून एक, लागल्या पाहिजेत.

भाचा हे सांगत होता आणि मला माझी तिजोरी दिसत होती. एका चुकीनं, एका धक्क्यानं, एका मोहानं दार उघडू नये म्हणून दोन किल्ल्या. तिथं पैशाचं रक्षण, इथं जिवाचं.

आता थोडा हिशेब. बँकवाल्याला त्याशिवाय चैन पडत नाही. या कड्यांवर ताकद किलोन्यूटनमध्ये कोरलेली असते. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानानं शंभर किलोंचा भार. चांगली कडी लांबीच्या दिशेनं २० ते २५ किलोन्यूटन पेलते, म्हणजे दोन हजार किलोंहून अधिक. साठ किलोंच्या माणसाला एवढी कशाला, असं वाटेल. पण तीच कडी आडवी फिरून भार रुंदीवर आला, किंवा दार उघडं राहिलं, की तिची ताकद सातआठ किलोन्यूटनवर येते. आणि ढिल्या, न ताणणाऱ्या दोरावर दोनतीन मीटर पडलेल्या माणसाचा झटका त्याच्या वजनाच्या सहज दहापट भरतो. म्हणजे सहा किलोन्यूटन. वरवर वाटलेली मोठी शिल्लक अशी एका अर्धवट मिटलेल्या दारानं संपते.

ते दार अर्धवट राहायला कारणंही रानातलीच. सालीचा कपचा, झाडाचा चीक, धूळ, आणि मधाच्या कामात तर मेण आणि मध. स्प्रिंग चिकटते, दार पूर्ण बसत नाही, नळी फिरत नाही. रात्री हात लावून कडी बंद वाटते. बंद असणं आणि कुलूप लागणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भाचा म्हणाला, ‘आम्ही नुसतं बघत नाही, मामा. अडकवलं की आवाज ऐकायचा, नळी बसली का ते बघायचं आणि मग दार अंगठ्यानं दाबून बघायचं. दबलं तर चूक.’ शिवाय दोर नळीवर घासणार नाही, दार फांदीवर दाबलं जाणार नाही, भार लांबीवरच राहील, हेही बघायचं. आणि एकाचं तपासून झालं की दुसऱ्यानं पुन्हा तपासायचं. तो दुसरा माणूस कितीही नवखा असला तरी.

महागाचं कुलूप घेतलं की काळजी मिटली, असं मात्र नाही. आपोआप लागणाऱ्या कुलपावर माणूस फार विसंबतो आणि तपासणं सोडतो. माझ्या देवमाणूस कॅशियरसारखंच ते. खरी दुसरी किल्ली झाडाखाली उभी असते. वरचा माणूस बेशुद्ध होऊन हार्नेसमध्ये निश्चल लोंबकळत राहिला, तर पायात रक्त साठून काही मिनिटांतच जीव धोक्यात येतो. त्याला खाली घेण्याची तयारी केलेला, दोर हाताळता येणारा माणूस खाली नसेल तर ती सामग्री म्हणजे हवेतला फास.

पुढं माझी बदली चंद्रपूरला झाली. तिथं औष्णिक वीजकेंद्राच्या परिसरात उंचावर काम करणारे कामगार मी पट्टे बांधलेले पाहिले आहेत. उंचावरून पडण्याचा धोका असेल तिथं बचावाची व्यवस्था करावी, असं २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ चं बत्तिसावं कलम सांगत असे. सुरक्षापट्ट्यांसाठी आयएस ३५२१ हा भारतीय मानकही आहे. म्हणजे कायदा आहे, मानक आहे, तपासायला निरीक्षक आहे. तिथून दीडशे किलोमीटरवर तेवढ्याच उंचीवर, अंधारात, माशांच्या मोहोळात काम करणाऱ्याला यातलं काही लागू नाही. कारण त्याला मालक नाही. तो स्वतःच्या जबाबदारीवर चढतो आणि स्वतःच्या जबाबदारीवर पडतो. बाटलीतला मध विकत घेणाऱ्या आपल्यापर्यंत त्यातलं काही पोचत नाही.

हे बदलता येतं, याचं उदाहरण गडचिरोलीच्या वेशीवरच आहे. सिरोंच्याजवळ प्राणहिता ओलांडली की तेलंगण. तिथले गौड ताडीवाले पिढ्यान्‌पिढ्या ‘मोकू’ नावाचा फास खोडाभोवती आणि कमरेभोवती घेऊन ताडावर चढतात. दरवर्षी कितीतरी जण पडून मरतात, कायमचे अपंग होतात. २०२४ च्या जुलैत तिथल्या सरकारनं त्यांच्यासाठी हार्नेस, दोर आणि कड्यांचे संच वाटायला सुरुवात केली, वापराचं शिक्षणही दिलं. नाव दिलं काटमय्या, त्यांच्या कुलदैवताचं. मला ते नाव फार आवडलं. देव झाडावर राखण करतोच. त्याच्या हातात एक कुलूपही दिलं.

आमच्या बाजूला तर सरकारची वाट पाहण्याचंही कारण नाही. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. नंतर गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. ज्या गावाला जंगल आपलं म्हणता येतं, त्या गावाला झाडावरच्या माणसाचा मालक होता येतं. मालक म्हणजे जबाबदार, एवढ्याच अर्थानं. प्रमाणित, कुलपाची कडी हजार-दीड हजारात मिळते. गावात दोन संच, ते तपासणारा एक जण, नोंदीची एक वही. पडलेली, चीर गेलेली, स्प्रिंग अडखळणारी कडी बाद करायची आणि तशी नोंद करायची. बाजारात किल्ल्या अडकवायला मिळतात त्या रंगीत कड्या दिसायला अगदी तशाच असतात. त्यांना हातही लावायचा नाही. आणि खाली माणूस असल्याशिवाय वर माणूस जायचा नाही.

मला ठाऊक आहे, जुनी खोडं हसतील. अनवाणी पायानं आयुष्यभर चढलेला माणूस म्हणेल, हे शहरी खेळ आहेत. त्याचं कसब माझ्याहून मोठं आहे आणि कुलूप त्या कसबाची जागा घेत नाही. पण तो हिकमती पोरगा काही अडाणीपणानं गेला नाही. आपल्याला धरून ठेवणारं काहीतरी हवं, हे त्याला गावात सगळ्यांच्या आधी सुचलं होतं. कल्पना बरोबर होती, हुक चुकीचा होता, आणि ते सांगणारं त्याला कुणी भेटलं नाही. मी त्याला भेटलो होतो. बैलांचे दात, खांदा, किंमत, सगळं मी तपासलं. साखळीची पावतीही तपासली.

ती फाईल केव्हाच रद्दीत गेली असेल. आज लिहायची झाली तर मी ते वाक्य एवढ्यावर थांबवणार नाही. ‘कर्जदार झाडावरून पडून मयत,’ याच्यापुढं लिहीन, ‘हुकाला कुलूप नव्हतं.’ फायलीत तसा रकाना नव्हता, हे खरं. पण कोऱ्या जागेत शेरा लिहायला अधिकाऱ्याला कुणाची हरकत नसते.